जळलेल्या बोर्डांची भिंत

शमीमबाईंचा चाळिसावा झाल्यावर दोन दिवसांनी इक्बालभाईंचा फोन आला. "पिंगळे, आपाच्या खोलीतली ती भिंत मोकळी करतोय. पोतं भरून भंगारात दिलं तर चालेल ना? तुमचं काही नाही ना त्यात?"

माझं त्यात होतं. मी म्हणालो, "मी येतो. तोपर्यंत हात लावू नका."

कामशेतच्या बाजारात इक्बालभाईंचं तांदळाचं दुकान आहे आणि त्यावर एक खोली. जिना चढताना नव्या तांदळाचा वास शेवटच्या पायरीपर्यंत सोबत येतो. खोलीत एक टेबल, एक खाट आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा. प्रत्येक खिळ्याला तळहाताएवढा हिरवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड टांगलेला. बहुतेकांवर कुठेतरी काळा डाग, फुटलेला तुकडा, वितळलेली कड. खाली निळ्या शाईतली चिठ्ठी. चिठ्ठीवर एक वाक्य आणि ते लिहिणाऱ्याचं नाव. बोर्ड ज्या वाक्यामुळे जळला ते वाक्य.

पहिल्या रांगेतला चौथा माझा आहे. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खिळ्यापाशी मी लगेच गेलो नाही. तिथं काय असणार याची मला साधारण कल्पना होती. "साधारण" हा शब्द शमीमबाईंना चालला नसता.

शमीम तांबोळी, इक्बालभाईंच्या थोरल्या बहीण, आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची वर्णनं लिहीत. हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. लहान संगणकाला आपल्याला काय काय जोडलं आहे हे आपोआप कळत नाही. सायरन कुठल्या तारेवर आहे, पाण्याचा मापक कुठल्या, कुणाला किती व्होल्ट लागतात, कुठली तार शून्यावर आली की काम सुरू होतं, हे सगळं कुणीतरी एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर मुक्त होतं. म्हणजे ती फाइल आणि तिच्यासोबतचा माहितीचा मजकूर जगात कुणीही घ्यावा, वाचावा, वापरावा. तो वाचणारा कोण, कुठला, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याच्या हातात बोर्ड असतो आणि आपलं वाक्य असतं. तिसरं काही नसतं.

"त्याला तुमचा फोन नंबर माहीत नाही," बाई म्हणत. "आणि माहीत असला तरी तुम्ही उचलणार नाही. मग लिहा नीट."

मी मूळचा वाचनालयातला माणूस. मराठीत एम.ए. केलं, काही वर्षं पुस्तकांना क्रमांक घातले आणि मग लोणावळ्याच्या या वर्कशॉपमध्ये मजकूर तपासायला लागलो. एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये आम्ही सातजण बसायचो. पावसाळ्यात भिंतींना बुरशी यायची, म्हणून बोर्ड तांदळाच्या डब्यांत ठेवायचे. तो तांदूळ इक्बालभाई पाठवत. बाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. सडपातळ, डोक्यावर ओढणी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. आवाज कधी चढत नसे. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

त्यांचा एक दंडक होता. सगळं आधी मराठीत लिहायचं. बाहेर इंग्रजीच जायचं, पण पहिला खर्डा मराठीत. "इंग्रजीत माणूस लपतो," त्या म्हणत. "मराठीत खोटं बोललेलं आपल्या आईला कळतं."

दुसरा दंडक जास्त वाईट होता. लिहून झालं की ते वाक्य, ज्यानं तो बोर्ड कधी पाहिलाच नाही अशा माणसाला वाचायला द्यायचं आणि त्यानं त्याबरहुकूम जोडणी करायची. लिहिणाऱ्यानं समोरच्या खुर्चीत बसायचं, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवायची नाही.

माझ्या पहिल्या मजकुरात एक वाक्य होतं, "लाल तार साधारणपणे उजव्या टोकाला जोडावी." तो वाचायला रस्त्यापलीकडच्या फॅन दुरुस्तीवाल्या जावेदला बोलावलं होतं. जावेदनं बोर्ड फिरवून पाहिला. उलटा धरला. मला दिसत होतं की त्यानं उलटा धरलाय. मी बाईंकडे बघितलं. त्या चहा पीत होत्या.

"उजवं म्हणजे हे ना?" जावेदनं विचारलं.

"मला विचारू नकोस. कागदाला विचार," बाई म्हणाल्या.

त्यानं तार लावली. एक बारीक टकटक झाली, मग तो वास. जळलेल्या बोर्डाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. जावेद घाबरून म्हणाला, "मॅडम, मी काय नाय केलं."

"तू काहीच केलं नाहीस," बाई म्हणाल्या. "पिंगळ्यांनी केलं. पिंगळे, तुमचं लग्न साधारणपणे झालंय का?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. त्यांनी चिठ्ठी लिहिली, माझं नाव घातलं, आणि संध्याकाळी बोर्ड पिशवीत घालून कामशेतला नेला. त्या रात्री मी जेवलो नाही. पण नंतर कधी "साधारणपणे" लिहिलंही नाही.

त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नसे. भाचीच्या, इक्बालभाईंच्या मुलीच्या, लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी त्यांनी मागून घेतली होती. पत्रिकेत लिहिलं होतं, "कार्यालय, मशिदीच्या मागे." बाईंनी लाल पेनानं गोल केला. इक्बालभाई दुकानातून ओरडले, "आता काय झालं, आपा?"

"मागे म्हणजे कुणाच्या मागे? हायवेवरून येणाऱ्याला मशीद समोरून दिसते, स्टेशनावरून येणाऱ्याला पाठमोरी. अर्धे पाहुणे नाल्याकडे जातील."

"आपा, लोक जेवायला येतायत, बोर्ड जोडायला नाही. बिर्याणीचा वास येईल, पोचतील."

"वास कुठल्या दिशेनं येईल ते लिही मग."

पत्रिका बदलली गेली. लग्नात हे सांगून इक्बालभाईंनी सगळ्यांना हसवलं. बाई हसल्या नाहीत. त्या दाराशी उभ्या राहून कोण किती उशिरा आलं ते बघत होत्या.

इथपर्यंत ऐकलं की लोक म्हणतात, वा, काय बाई होती. म्हणून कौस्तुभचं सांगतो. कौस्तुभ पुण्याचा, हुशार, नवीन लागलेला. त्यानं एका मापकाचं वर्णन लिहून पाठवलं, नऊ ओळींचं. बाईंनी त्यावर सतरा शेरे लिहिले. तेही सगळ्या जगाला दिसतील अशा ठिकाणी, कारण आमचं कामच तिथं चालायचं. "या वाक्यातलं काम कोण करतं? कर्ता पळाला आहे." "तुम्ही यंत्राचं वर्णन करताय की स्वतःच्या प्रोग्रॅमचं? प्रोग्रॅम उद्या बदलेल, तांबं बदलणार नाही." "हे लिहिताना बोर्ड समोर होता का?" कौस्तुभनं खाली लिहिलं की वडील गेल्याच आठवड्यात वारले, लक्ष लागत नव्हतं, माफ करा. अर्ध्या तासात बाईंचं उत्तर आलं. "वाईट वाटलं. तिसऱ्या ओळीत व्होल्टेज अजून नाही."

कौस्तुभ दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतर कधीच आला नाही. मी धीर करून बाईंना म्हणालो, "थोडं जास्त झालं."

"वाचणाऱ्याला याचे वडील वारले हे माहीत असणार आहे का?"

"नाही."

"मग ओळीत व्होल्टेज पाहिजे."

यावरचं उत्तर मला घरी जाताना सुचलं. हळूहळू आमच्यापैकी कुणालाच त्यांच्यासमोर काही सुचेनासं झालं. आम्ही एकमेकांचं लिहिलेलं कडकपणे तपासायचो. बाईंचं लिहिलेलं आम्ही वाचायचो आणि सही करायचो. प्रत्येक वर्णनाखाली दुसऱ्या माणसानं "वाचले" असं लिहून नाव घालायची पद्धत होती. बाईंच्या मजकुराखाली बहुतेक वेळा माझं नाव असे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आंदर मावळातल्या एका वाडीसाठी सायरनचा बोर्ड केला तेव्हाही तसंच झालं. वाडीची जनावरं ओढा ओलांडून पलीकडच्या रानात चरायला जातात. वरच्या डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन असताना ओढा अचानक फुगतो. वरच्या अंगाला मापक बसवायचा, पाणी चढलं की सायरन वाजायचा, म्हणजे जनावरं परतवायला पाव तास मिळतो. काम एवढंच. वाडीतले धोंडूआबा ओढ्याच्या सर्वांत जवळ राहतात, म्हणून सायरन त्यांच्या गोठ्यावर लावला. गोठ्यात त्यांची बैलजोडी असायची.

वर्णन बाईंनी स्वतः लिहिलं. त्यात एक ओळ होती, "सायरनची तार वर गेली की सायरन चालू." आमच्यात वर म्हणजे तारेत व्होल्टेज असणं, खाली म्हणजे शून्य. मी नेहमीप्रमाणे त्या भागाचा मूळ नकाशा, म्हणजे तारांच्या जोडणीचं चित्र, शेजारी ठेवून वाचत होतो. नकाशात होतं, खाली आली की चालू. मी दोनदा पाहिलं. मग सायरन लावून पाहिला. मापकाची पट्टी पाण्यात बुडवली की वाजत होता, काढली की गप्प. सगळं ठीक चालत होतं. म्हणजे नकाशा जुना असावा, बाईंना नवीन माहीत असावं. मी "वाचले, पिंगळे" असं लिहिलं आणि घरी गेलो.

"चालतंय हा पुरावा नव्हे," हे बाईंचं रोजचं वाक्य होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकू येत नव्हतं.

सायरन चालत होता याचं कारण साधं होतं. बाईंनी वर्णन उलट लिहिलं होतं, आणि तो वाजवणारा प्रोग्रॅमही कुणीतरी उलट लिहिला होता. दोन चुकांनी एकमेकींना धरून ठेवलं होतं. दोन पावसाळे त्या तशा उभ्या राहिल्या. मग कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका मुलीनं प्रोग्रॅममधली चूक पाहिली आणि दुरुस्त केली. तिचं बरोबर होतं. दुरुस्त प्रोग्रॅम मोबाइलच्या जाळ्यावरून ऑगस्टात एका सकाळी वाडीतल्या बोर्डावर उतरला, आणि बाईंची चूक एकटी उरली.

सकाळपासून सायरन ओरडायला लागला. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. धोंडूआबांनी आम्हाला फोन लावला, पण तोवर रेंज गेली होती. दुपारपर्यंत बैल दावं तोडायला लागले, तेव्हा आबांनी शिडी लावून बॅटरीची तार काढली. दुसऱ्या दिवशी जनावरं पलीकडे गेली आणि परतताना ओढा आला. बाकीची आली. आबांचे दोन्ही बैल मधोमध होते.

बातमी आली त्या दिवशी बाईंनी कुणाशी बोलायच्या आधी नकाशा काढला, मग आपलं वर्णन काढलं. मी माझ्या जागेवरून बघत होतो. त्यांना एका मिनिटाच्या आत दिसलं. त्या खुर्ची वळवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वाचलं होतंस?"

एरवी त्या मला अहो-जाहो करत.

"हो."

"नकाशा शेजारी होता?"

"होता."

"दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

बाकीचे पाचजण टेबलांवर वाकून बसले होते. मी म्हणालो, "वाटलं, तुम्ही चुकणार नाही."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं, स्वल्पविरामासकट, आणि कागद पर्समध्ये ठेवला. मला कळलं की तो कुठं जाणार.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वाडीला निघाल्या. कामशेतहून एसटी फाट्यापर्यंतच होती. पुढं दीड तास चाल. त्यांना तेव्हाच धाप लागत होती. दर पन्नास पावलांनी त्या थांबत, पण बसत नसत. वाटेत मी म्हणालो, "फोनवर कळवता आलं असतं."

"काय कळवलं असतंस? साधारणपणे चुकलं म्हणून?"

धोंडूआबा ओसरीवर बसले होते. गोठा रिकामा होता, पण शेण अजून काढलेलं नव्हतं. त्यांच्या घरच्या मावशींनी कोरा चहा दिला. आबाच आम्हाला समजवायला लागले.

"बाई, तुमी कशाला इतक्या लांब आलता? माजंच चुकलं. मीच तार काडली. कान किटलं वो, बैल बिथरलं. म्हनलं, यड लागलंय भोंग्याला."

"तुम्ही बरोबर केलं," बाई म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याचं तोंड बांधावंच. खोटं मी लिहिलं होतं."

"काय लिवलं हुतं?"

"तार वर गेली की वाजतो असं लिहिलं. तो खाली आली की वाजतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आन् त्येच्यानं माजी बैलं गेली?"

"व्हय," बाई म्हणाल्या. त्या असं कधी बोलत नसत.

"न्हाई बाई. पानी आलं म्हनून गेली. कागदामुळं कुटं जनावर मरतं व्हय?" आणि ते थोडं हसले. त्यांना बाईंना सोडवायचं होतं. "एक म्हातारंच हुतं. दुसरं जवान, चौसा, त्येचं लय वाईट वाटतं. पन तुमी नका मनाला लावून घेऊ. च्या घ्या."

"मरतं," बाई म्हणाल्या. "कागदामुळंच मेलं. आबा, तुम्ही मला माफ करू नका. तुम्ही तार काढली नसती तरी तो पाण्याच्या वेळी गप्पच बसणार होता. तुमचा यात काही हात नाही. तुम्हाला काही करता येण्यासारखं नव्हतं."

मला वाटतं, ते ऐकून आबांचा चेहरा पहिल्यांदा पडला. तोवर त्यांच्याकडे स्वतःची एक चूक होती. तिला धरून ते बसले होते. बाईंनी ती काढून घेतली. मावशी आतून म्हणाल्या, "आता पुरं करा की. मानूस किती बोलंल." बाईंनी चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि उठल्या.

एकदा बाहेर गेलेलं वर्णन मागं घेता येत नाही. ते धरून कुठं कुठं बोर्ड चाललेले असतात. म्हणून त्यांनी चुकीची ओळ तशीच ठेवली आणि खाली चार वाक्यं जोडली. काय चुकलं, कशानं झाकलं गेलं, कसं ओळखावं. शेवटचं वाक्य होतं, "ही चूक शमीम तांबोळी यांची आहे आणि तिच्यामुळे दोन जनावरं मेली." माझ्या सहीचा त्यात उल्लेख नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाचणाऱ्याला तुझं नाव कळून त्याच्या सायरनला काय फरक पडतो?"

त्यानंतर त्या वर्कशॉपमध्ये फारशा आल्या नाहीत. फुप्फुसं गेली होती. वर्षानुवर्षं जळलेले बोर्ड हुंगत बसल्यावर दुसरं काय होणार, असं इक्बालभाई म्हणायचे, आणि मग रडायचे. घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं. त्याच्या बटणाशी त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली होती, "वाढवण्यासाठी उजवीकडे. यंत्रासमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे."

मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या पाठीला. जानेवारीतली दुपार होती. मी जिना चढून दारात आलो, तर त्या स्टुलावर उभ्या राहून भिंतीत खिळा ठोकत होत्या. नाकातली नळी मागं जमिनीपर्यंत लोंबत होती. दोन ठोके, मग विसावा. दोन ठोके, मग विसावा. मी पुढं झालो.

"मी ठोकतो."

"नको. तुम्ही वाकडा ठोकाल."

त्या परत अहो-जाहोवर आल्या होत्या. ते मला चपराकीसारखं लागलं. मी दारातच उभा राहिलो. खिळा बसला, त्यांनी तो हलवून पाहिला, पण वळल्या नाहीत. "जाताना दार ओढून घ्या," म्हणाल्या. मी ओढून घेतलं. नऊ दिवसांनी त्या गेल्या.

आता त्याच खिळ्यासमोर मी उभा होतो. इक्बालभाई खाली पोतं झटकत होते. बोर्ड सायरनचाच होता. न जळलेला, स्वच्छ. भिंतीवरचा एकटाच धड. खाली दोन चिठ्ठ्या. पहिली, "सायरनची तार वर गेली की सायरन चालू. लिहिणारी, शमीम तांबोळी." दुसरी, "वाटलं, तुम्ही चुकणार नाही." आणि त्याखाली, त्याच निळ्या शाईत, "लिहिणारी, शमीम तांबोळी."

मी पुन्हा वाचलं. नाव चुकून पडलं नव्हतं. त्या नावं चुकवत नसत.

ते वाक्य माझं होतं. पाचजणांसमोर दोनदा म्हटलं होतं. आबांची चूक काढून घेतली तशी त्यांनी माझीही काढून घेतली, आणि आता भांडायला त्या नव्हत्या.

"काय ठेवायचं, काय टाकायचं?" जिन्याखालून इक्बालभाईंनी विचारलं.

मी टेबलावरचं पेन घेतलं. शाई वाळली होती. फुंकर मारली, कागदावर चार रेघा ओढल्या. मग दुसऱ्या चिठ्ठीवर, त्यांच्या नावाखाली, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, "नाव चुकीचे आहे. वाचले, पिंगळे."